बेसबॉलचे ग्रेट पिचर: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं न्यू जर्सीत राहतो. घरी पाहुणे आले की टीव्हीवर बेसबॉल चालू असतो आणि मग प्रश्न सुरू होतात. सासूबाई, पुण्याचा मामा, ऑफिसमधे नवीन आलेली पोरं, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच लिहून टाकतोय, आता लिंक पाठवली की झालं. सगळ्या पिचरची यादी नाहीये ही, मला जे आवडतात ते जास्त येतील.

पिचर म्हणजे आपला बॉलरच ना?

काम तेच, पण रनअप नाही, टप्पा नाही आणि कोपर वाकवून फेकलेलं चालतं. आपल्याकडे ज्याला "फेकी" म्हणून पहिल्याच ओव्हरला हाकलतील तसंच इथे सगळे टाकतात. मातीच्या उंचवट्यावर उभं राहायचं, त्याला माउंड म्हणतात, आणि तिथून ६० फूट ६ इंचावरच्या होम प्लेटवर, म्हणजे बॅटरच्या शेजारच्या पाटीवर, बॉल फेकायचा. बॅटर तिथून तीन बेस फिरून परत होम प्लेटवर, म्हणजे घरी आला की एक रन. बॅटरने बॅट फिरवून चुकवला किंवा मारण्याजोगा बॉल सोडला की स्ट्राईक, तीन स्ट्राईक झाले की बॅटर आउट, चार बॉल बाहेर गेले की तो चालत पहिल्या बेसवर, त्याला वॉक म्हणतात. आणि हो, जमिनीला पिच म्हणत नाहीत, फेकलेल्या बॉललाच पिच म्हणतात, त्यामुळे मामा "आज पिच कशी आहे रे" विचारतो तेव्हा नेमकं काय उत्तर द्यायचं ते मला अजून समजलेलं नाही.

तो बॉल टाकायच्या आधी सारखा मान का हलवतो?

हा सासूबाईंचा प्रश्न. त्यांना वाटलं पोराची मान धरलीये. तर समोर बसलेला कॅचर बोटांनी खूण करायचा की आता कुठला बॉल टाक, फास्टबॉल (वेगवान) का कर्व्ह (वळणारा), आणि पिचरला नको असेल तर तो नकारार्थी मान हलवायचा, मग दुसरी खूण, परत नको, असं चालायचं. २०२२ पासून बटणाचं यंत्र आलंय, टोपीतल्या छोट्या स्पीकरमधून पिचरला ऐकू येतं, पण नकार द्यायला मान अजूनही हलवतात.

आकडे वाचायचे कसे?

चार गोष्टी कळल्या की पुरे. विन म्हणजे मॅच जिंकल्याचं श्रेय पिचरच्या नावावर लागणं, हरल्याचं खापर फुटलं तर लॉस. ईआरए म्हणजे दर ९ इनिंगमागे (एका मॅचमधे प्रत्येक टीमला ९ इनिंग, एका इनिंगला ३ आउट) त्याने सरासरी किती रन दिले, फिल्डरच्या चुकीने झालेले धरत नाहीत, कमी तेवढं चांगलं, आपल्या बॉलिंग अ‍ॅव्हरेजसारखं. ३ च्या खाली म्हणजे मस्त, २ च्या खाली म्हणजे वर्षभर लोक त्याच्याबद्दलच बोलतात. तिसरा स्ट्राईकआउट, म्हणजे तीन स्ट्राईकवर आउट, स्कोअरबुकात इंग्रजी के लिहितात, आणि बॅटर बॅट न फिरवता नुसतं बघत आउट झाला तर तोच के उलटा काढतात (मला ही पद्धत फार आवडते, अपमान कसा कागदावर राहतो). चौथा वॉक. यातला विनचा आकडा सगळ्यात जास्त मिरवला जातो आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फसवतो, त्यावर खाली येतोच.

ज्याच्या नावाने अवॉर्ड देतात तो साय यंग खरंच एवढा भारी होता का?

५११ विन. दुसऱ्या नंबरवर वॉल्टर जॉन्सन, ४१७. म्हणजे दरवर्षी २५ मॅच जिंकायच्या आणि असं २० वर्षं करायचं, तरी ५०० च होतात. यंग १८९० ते १९११ खेळला, ७४९ मॅच त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने टाकल्या. हरण्याचा रेकॉर्ड पण त्याचाच आहे, तीनशेच्या वर, कारण एवढं टाकल्यावर हरणार पण तेवढंच ना. नाव खरं डेंटन, सायक्लोनचं साय झालं. १९५५ ला वारला आणि १९५६ पासून वर्षातल्या बेस्ट पिचरला त्याच्या नावाने अवॉर्ड सुरू झालं, आधी मेजर लीगच्या (अमेरिकेतलं सगळ्यात वरचं बेसबॉल) दोन्ही लीग, अमेरिकन आणि नॅशनल, मिळून एकच, १९६७ पासून प्रत्येक लीगला एक.

पण तो काळ पण बघायला पाहिजे. तेव्हा एकच बॉल मळून काळा होईपर्यंत वापरायचे, त्याला थुंकी लावलेली चालायची, होमरन (आपल्या सिक्ससारखे) फारसे व्हायचेच नाहीत. १९२० ला थुंकीचे बॉल बंद झाले आणि त्याच वर्षी क्लीव्हलंडच्या रे चॅपमनच्या डोक्याला बॉल लागून तो गेला, त्यानंतर बॉल मळला की बदलायचा असं ठरलं. म्हणजे यंगचे ५११ खरे आहेत, फक्त आजच्या माणसाच्या शेजारी ठेवून मोजता येत नाहीत.

आणि वॉल्टर जॉन्सन?

त्याच्यावर वेगळं पान लिहायला पाहिजे. वॉशिंग्टनची टीम बहुतेक वर्षं रडतखडत, तरी हा ४१७ जिंकला आणि ११० मॅचमधे समोरच्याला एकही रन करू दिला नाही, त्याला शटआउट म्हणतात. १९०८ च्या सप्टेंबरमधे न्यूयॉर्कविरुद्ध चार दिवसांत तीन शटआउट टाकले, मधल्या रविवारी मॅच नव्हती म्हणून सुट्टी, नाहीतर काय केलं असतं देव जाणे.

एका पिचरमुळे नियम बदलला म्हणतात ते खरं आहे?

बॉब गिब्सन, सेंट लुईस कार्डिनल्स, १९६८. ईआरए १.१२. सुमारे ३०५ इनिंग टाकल्या आणि ३८ रन दिले (फिल्डरच्या चुकीचे सोडून), वर्षभरात! १३ शटआउट. वर्ल्ड सिरीजच्या (सीझनची फायनल, सातपैकी चार मॅच जिंकायच्या) पहिल्या मॅचमधे डेट्रॉइटविरुद्ध १७ स्ट्राईकआउट घेतले, तो रेकॉर्ड अजून आहे. एकट्या गिब्सनमुळे नाही म्हणता येणार, त्या वर्षी सगळेच पिचर चढले होते, अमेरिकन लीगचा बॅटिंग चॅम्पियन कार्ल यस्त्रेम्स्की फक्त .३०१ वर जिंकला, म्हणजे शंभरातल्या तीस वेळाच बॉल मारून बेसवर पोचला (त्याला हिट म्हणतात), डेट्रॉइटच्या डेनी मॅकलेनने ३१ मॅच जिंकल्या, त्यानंतर कोणालाच तीस जमलेलं नाही. मग १९६९ ला माउंडची उंची १५ इंचांवरून १० वर आणली आणि स्ट्राईक झोन (बॉल जिथून गेला तर स्ट्राईक धरतात ती जागा) लहान केला. आता गंमत बघा, त्याच १९६८ ला एवढं टाकून गिब्सन ९ मॅच हरला. १.१२ ईआरए आणि ९ पराभव. त्याच्या बॅटरनी रनच केले नाहीत तर तो काय करणार.

अजून एक सांगतो त्याचं. १९६७ ला रॉबर्टो क्लेमेंटेने मारलेला बॉल थेट पायावर बसला, तरी हा उठून अजून तीन बॅटरना टाकत राहिला आणि मग खाली कोसळला, हाड मोडलं होतं. ऑक्टोबरपर्यंत परत येऊन वर्ल्ड सिरीजमधे तीन मॅच जिंकला.

नो-हिटर आणि परफेक्ट गेम यात फरक काय?

नो-हिटर म्हणजे समोरच्याला एकही हिट मिळाली नाही, पण वॉक झाले, फिल्डरने चूक केली, चालतं. परफेक्ट गेम म्हणजे २७ आले, २७ गेले, पहिल्या बेसवर कोणी पाय ठेवला नाही. मेजर लीगच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात २४ वेळा झालंय, शेवटचा २०२३ मधला. आणि ग्रेट पिचरनाच होतो असं काही नाही. वर्ल्ड सिरीजमधला एकुलता एक परफेक्ट गेम १९५६ ला न्यूयॉर्क यँकीजच्या डॉन लार्सनने टाकला आणि त्याचं करिअर बघाल तर ८१ जिंकल्या, ९१ हरल्या. एक दुपार त्याची होती, बास.

कोफॅक्सचं सगळे एवढं का सांगतात, तो तर तिशीतच रिटायर झाला ना?

म्हणूनच सांगतात. सँडी कोफॅक्स, डावखुरा, डॉजर्स टीमचा. पहिली सहा वर्षं रेकॉर्ड ३६ विन, ४० लॉस, बॉल वेगात पण कुठे जाईल त्यालाच माहीत नाही. १९६१ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमधे (सीझनआधीचा सराव) त्याचा कॅचर नॉर्म शेरी म्हणाला की जरा हळू टाक, सगळा जोर लावू नकोस. एवढंच. नंतर १९६२ ते ६६ सलग पाच वर्षं लीगमधला सगळ्यात कमी ईआरए त्याचा, तीन साय यंग आणि ते पण दोन्ही लीगमधे मिळून एकच अवॉर्ड असायचं तेव्हाचे, चार नो-हिटर.

९ सप्टेंबर १९६५, शिकागो कब्ज या टीमविरुद्ध, लॉस एंजेलिस. ही मॅच मला तोंडपाठ आहे. समोरचा पिचर बॉब हेंडली, त्याने पण अख्ख्या मॅचमधे एकच हिट दिली. आणि मॅचमधला एकमेव रन त्या हिटवर झालेलाच नाही! लू जॉन्सन वॉकवर गेला, बंटवर (बॅट हलकेच लावून बॉल जवळच पाडणं) दुसऱ्या बेसवर सरकला, तिसरा बेस चोरायला, म्हणजे कोणी बॉल न मारताच, पळाला तर कॅचरचा थ्रो भलतीकडे, हा तसाच पळत घरी. १-०. म्हणजे कोफॅक्सकडे चुकायला जागाच नव्हती, एक बॉल चुकीचा पडला की मॅच बरोबरीत. त्याने काय केलं, शेवटचे सहाच्या सहा बॅटर स्ट्राईकआउट केले. एकूण १४. परफेक्ट गेम. आणि बिचारा हेंडली, एक हिट देऊन हरला, त्याच्या नावावर लॉस लागला. म्हणून म्हणतो विन-लॉसचं काही खरं नाही.

त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच योम किप्पूरच्या दिवशी आली, ज्यू लोकांचा सगळ्यात मोठा उपवासाचा दिवस, कोफॅक्स म्हणाला मी टाकणार नाही. ती मॅच टीम हरली. पण शेवटच्या सातव्या मॅचला फक्त दोन दिवसांच्या विश्रांतीवर उतरून २-० शटआउट टाकला. हे सगळं कोपरात संधिवात असताना, मॅच झाली की हात बर्फात बुडवून बसायचा. १९६६ ला २७ विन, ईआरए १.७३, आणि सीझन संपल्यावर रिटायर. वय ३०. डॉक्टरांनी सांगितलं होतं हात कायमचा जाईल. ३६ व्या वर्षी हॉल ऑफ फेममधे (बेसबॉलच्या दिग्गजांचा सगळ्यात मोठा सन्मान), एवढ्या लहान वयात आजवर कोणी निवडलं गेलेलं नाही.

नोलन रायन सगळ्यात बेस्ट का? ५७१४ स्ट्राईकआउट!

इथे भांडणं होतात. ५७१४ हा आकडा असा आहे की दुसऱ्या नंबरचा रँडी जॉन्सन ४८७५ वर थांबला, मधे पूर्ण एका करिअरएवढं अंतर आहे हो. सात नो-हिटर, पुढचा कोफॅक्स चारवर. १९६६ ते १९९३, २७ सीझन. सातवा नो-हिटर १ मे १९९१ ला, वय ४४, शेवटचा आउट रॉबर्टो अलोमार, ज्याच्या वडिलांबरोबर रायन एकेकाळी एकाच टीममधे खेळलेला. काका लोकांनी पोरांना गल्लीत आउट करावं तसं.

पण. २७९५ वॉक, हा पण रेकॉर्डच, आणि साय यंग एकदाही नाही. ३२४ जिंकल्या, २९२ हरल्या. बॅटरला त्याची भीती वाटायची हे नक्की, पण निम्म्या वेळेला बेस स्वतःच भरून द्यायचा आणि मग स्वतःच बाहेर पडायचा. बघायला रायनसारखा दुसरा नाही. मॅच जिंकायला मला एक निवडायला सांगितलं तर मी पहिला त्याला नाही निवडणार, कमेंटमधे शिव्या घातल्या तरी चालेल.

मग विन बघायचेच नाहीत का?

बघा, पण सावकाश. रायनचंच १९८७ घ्या, लीगमधला सगळ्यात कमी ईआरए २.७६, सगळ्यात जास्त स्ट्राईकआउट २७०, आणि रेकॉर्ड ८ विन, १६ लॉस. न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डीग्रॉम २०१८ ला ईआरए १.७०, विन फक्त १०, तरी साय यंग मिळालं, म्हणजे मत देणाऱ्यांना पण आता कळायला लागलंय. उलट उदाहरण पण आहे, स्टीव्ह कार्लटन १९७२, फिलाडेल्फियाची टीम अख्ख्या वर्षात ५९ मॅच जिंकली, त्यातल्या २७ याच्या. तिथे मात्र विनलाच सलाम.

सॅचेल पेजचे आकडे कुठे सापडत नाहीत?

सापडतात, अपुरे. कारण तो काळा होता आणि १९४७ ला जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मेजर लीगमधे काळ्या खेळाडूंना घेतच नव्हते. पेजची उमेदीची वर्षं निग्रो लीग्ज आणि गावोगावच्या प्रदर्शनी मॅचमधे गेली, बऱ्याच मॅचचे स्कोअरबुक कोणी ठेवलेच नाहीत. १९४८ च्या जुलैमधे क्लीव्हलंडने घेतला तेव्हा ४२ वर्षांचा, त्या वयात ६ जिंकल्या, १ हरला आणि टीमने त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. १९६५ ला कॅन्सस सिटीने गंमत म्हणून एका मॅचसाठी बोलावलं, वय ५९, बुलपेनमधे (राखीव पिचर थांबतात तिथे) त्याच्यासाठी डोलखुर्ची ठेवली, शेजारी नर्स उभी केली, लोक हसायला आले होते. म्हाताऱ्याने तीन इनिंग टाकल्या, एक हिट दिली (यस्त्रेम्स्कीला, तोच वरचा) आणि रन शून्य. १९७१ ला हॉल ऑफ फेम. २०२० ला मेजर लीगने निग्रो लीग्जना मेजरचा दर्जा दिला आणि २०२४ पासून ते आकडे अधिकृत नोंदीत आले, पण जे कोणी लिहिलंच नाही ते कुठून आणणार.

क्लोजर म्हणजे काय, आणि रिव्हेराला एवढा मान का?

शेवटच्या इनिंगला थोडी आघाडी असताना येऊन दार लावणारा. आघाडी टिकवली की सेव्ह मिळतो. पनामाचा मारियानो रिव्हेरा, यँकीज, ६५२ सेव्ह, मुख्य म्हणजे प्लेऑफमधे (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) १४१ इनिंगमधे ईआरए ०.७०. आणि जवळपास एकच बॉल टाकायचा, कटर, शेवटच्या क्षणी थोडासा आत घुसणारा, सगळ्या बॅटरना माहीत असायचं कटर येणार आणि तरी बॅट तुटायच्या. २०१९ ला हॉल ऑफ फेमच्या मतदानात शंभर टक्के मतं मिळाली, असं कोणाचंच आधी झालं नव्हतं. २००१ च्या वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच मात्र त्याच्याच हातून गेली, आणि त्या मॅचचा विन कोणाला, तर आदल्या रात्रीच १०४ पिच टाकून परत आलेल्या रँडी जॉन्सनला.

रँडी जॉन्सन म्हणजे तो पक्षीवाला?

हो, तोच. २००१ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमधे फास्टबॉलच्या वाटेत पारवा आला आणि नुसती पिसं उडाली. ६ फूट १० इंच उंच माणूस, पाच साय यंग, ४० व्या वर्षी परफेक्ट गेम, आणि लोकांना पक्षीच आठवतो.

तुमच्या मते बेस्ट कोण, एकच नाव सांगा.

एक सीझन विचाराल तर पेद्रो मार्टिनेझ, बॉस्टन, २०००. ईआरए १.७४. लीगमधे दुसऱ्या नंबरवर रॉजर क्लेमेन्स, ३.७०. दुपटीच्या वर! आणि तो सगळा होमरनचा काळ, बॅटर दंड फुगवून मारत सुटलेले. गिब्सनचा १.१२ आकड्याने लहान आहे पण तेव्हा सगळ्यांचेच लहान होते, पेद्रो एकटाच वेगळा खेळ खेळत होता.

पूर्ण करिअर विचाराल तर ग्रेग मॅडक्स. ३५५ विन, सलग चार साय यंग, फिल्डिंगचे १८ गोल्ड ग्लोव्ह. वेग फार नाही, दिसायला बँकेतला क्लार्क, पण बॉल जिथे म्हणेल तिथे. १९९७ ला २३२ इनिंगमधे फक्त २० वॉक दिले आणि त्यातले ६ मुद्दाम दिलेले. करिअरमधे एकूण ९९९ वॉक, हजार नाही होऊ दिले. क्लेमेन्सचं म्हणाल तर सात साय यंग, ३५४ विन, पण बेसबॉलमधल्या ताकद वाढवणाऱ्या ड्रग्जवरच्या २००७ च्या मिचेल रिपोर्टमधे नाव आलं, त्याने कायम नाकारलं, खोटी साक्ष दिल्याच्या केसमधून २०१२ ला सुटला, तरी दहा वर्षांच्या मतदानात हॉल ऑफ फेम मिळालं नाही. मी यावर बोलत नाही, जेवण थंड होतं.

आता कोणी ३०० विन का करत नाही?

आजवर २४ जणांनी केलेत, शेवटचा रँडी जॉन्सन, २००९. आता स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) दर पाचव्या-सहाव्या दिवशी येतो, पाच-सहा इनिंग टाकतो, पिच मोजतात, शंभराच्या आसपास गेला की मॅनेजर बाहेर येतो. शिवाय सगळे जीव तोडून फेकतात त्यामुळे कोपर जातं. त्यावरच्या ऑपरेशनला टॉमी जॉन म्हणतात, ते डॉक्टरचं नाव नव्हे, पेशंटचं. १९७४ ला डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोरा) काढून डाव्या कोपरात बसवला, तोवर असं कोणी करून परत आलं नव्हतं. हा परत आला, अजून १६४ मॅच जिंकला, एकूण २८८.

बेब रूथ पिचर होता हे खरं का?

होमरनसाठी गाजलेला तोच, आणि हो, अगदी खरं. ९४ जिंकल्या, ४६ हरल्या, ईआरए २.२८. मग बॅटच एवढी चालायला लागली की टाकणं सुटलं. म्हणून शोहेई ओहतानी दोन्ही करतो तेव्हा लोक शंभर वर्षं मागे जातात.

आपल्याकडचं कोणी?

मराठी कोणी नाही. २००८ ला भारतात वेगात फेकणाऱ्या पोरांची स्पर्धा झाली, त्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले, दोघंही भालाफेकवाले, बेसबॉल आयुष्यात पाहिलेला नाही, आणि पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केलं. मेजरपर्यंत कोणी पोचलं नाही, रिंकू पुढे कुस्तीच्या शोमधे गेला. (हा क्रिकेटवाला रिंकू सिंग नव्हे, हा प्रश्न पण दर वेळी येतो.)

एकच मॅच बघायची तर कुठली?

१९९१ वर्ल्ड सिरीज, सातवी मॅच, मिनेसोटा विरुद्ध अटलांटा. मिनेसोटाचा जॅक मॉरिस, वय ३६, नऊ इनिंग टाकून झाल्या, स्कोअर ०-०. मॅनेजर म्हणाला बास, आता दुसरा येईल. मॉरिस ऐकेना. दहावी पण त्यानेच टाकली, शून्य, आणि मग त्याच्या टीमने एक रन काढला, १-०. या माणसाचा करिअर ईआरए ३.९० आहे, वरच्या सगळ्या नावांपुढे साधाच. आठव्या इनिंगला अटलांटाचे तिन्ही बेस भरतात, एकच आउट झालेला असतो, तिथून पुढे बघताना उठू नका, चहा आधीच करून ठेवा.